तिसरे रत्न कोणी झाकून ठेवले?

दरवर्षी ५ नोव्हेंबर आला की मराठी रंगभूमीच्या थोरवीचे गोडवे गाण्याची अहमहमिका सुरू होते. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले, त्याची आठवण म्हणून नटराजाच्या मूर्तीला हार पडतात, सत्कार होतात, शाली पांघरल्या जातात. या सोहळ्यात तोंडी लावणे म्हणून विस्मृतीत गेलेल्या, चमत्कारिक नावांच्या नाटकांची एखादी यादीही पुढे केली जाते. ‘तृतीय रत्न’, ‘पुरुषांचे बंड’, ‘सोन्याचा कळस’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘येरा गबाळ्याचे काम नोहे’. जुन्या काळची गंमत म्हणून वाचक हसतो आणि पान उलटतो.

या हसण्यात एक मोठी लबाडी दडलेली आहे. ही नावे चमत्कारिक आहेत, हे ठरवले कोणी? नाटक म्हणजे एखाद्या राजाचे, देवाचे, नायिकेचे किंवा फुलाचे नाव, अशी ज्यांच्या कानाला सवय झाली, त्यांना ‘शेटजींचे इलेक्शन’ हे शीर्षक विचित्र वाटणारच. ज्या शेतमजुरासमोर ते नाटक उभे राहिले, त्याला मात्र त्यात विचित्र काहीच वाटले नसेल. शेटजीही त्याच्या ओळखीचे होते आणि इलेक्शनही. ही नावे गमतीखातर ठेवलेली नव्हती. ती भांडणाची नावे होती. जे भांडण मिटलेले नाही, ते विसरले गेले असे भासवणे हे भांडणातल्या एका पक्षाच्या सोयीचे असते.

विस्मृती ही काळाची किमया आहे, असे साहित्याचे इतिहासकार सांगत आले. काळ चाळणी लावतो, भुसा उडून जातो, दाणे उरतात, असा हा सिद्धांत आहे. वरवर तो निरागस दिसतो. पण चाळणी कधी आपोआप हलत नसते. ती धरणारे हात असतात, आणि त्या हातांना जातही असते, वर्गही असतो.

दक्षिणेच्या दारातून परतलेले नाटक

१८५५ साली जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ लिहिले. त्याचे कथानक एखाद्या खेडुतालाही एका दमात सांगता येईल असे आहे. एका गरोदर कुणबी बाईच्या दारी जोशी येतो, ग्रहांची भीती घालतो, आणि नवराबायकोला कर्ज काढून ब्राह्मणभोजन घालायला लावतो. भोळेपणा, भीती आणि अज्ञान यांचे व्याजासह वसुलीत रूपांतर कसे होते, ते जोतीराव पायरीपायरीने उलगडून दाखवतात. मध्येमध्ये विदूषक येतो आणि धन्याला हसवण्याचे आपले परंपरागत काम सोडून प्रेक्षकाला जागे करतो. अखेर ते जोडपे रात्रीच्या शाळेत शिकायला जाण्याचा निश्चय करते. तिसरे रत्न ते हेच, विद्या! ज्याने हे कथानक ऐकले त्याला या शीर्षकात चमत्कारिक काय उरते?

जोतीरावांनी हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले. येथे इतिहासाचा उपरोध पाहण्यासारखा आहे. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना जी दक्षिणा वाटली जाई, त्याच निधीतून इंग्रजी अमलात मराठी ग्रंथांना बक्षिसे देण्याची प्रथा पडली होती. म्हणजे दक्षिणा उकळणाऱ्या जोशाची लबाडी उघडी पाडणारे नाटक न्यायासाठी गेले ते दक्षिणेच्याच दारात! ते परत आले. कमिटीतील ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, अशी नोंद जोतीरावांनीच पुढे १८७३ साली ‘गुलामगिरी’त करून ठेवली आहे. नाटक त्यांनी बाजूस ठेवले, आणि ‘ब्राह्मणांचे कसब’ लिहिले तेव्हा ते पदरच्या खर्चाने छापले.

पुढे काय झाले? १८६१ साली विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ आले, आणि मराठीतील पहिले स्वतंत्र नाटक म्हणून पिढ्यान् पिढ्या विद्यार्थ्यांना तेच नाव शिकवले गेले. त्याच्या आधी सहा वर्षे लिहिलेले, पुराणाची कुबडी न घेणारे, कुणब्याच्या ओसरीवर घडणारे नाटक कुणाच्या हिशेबीच नव्हते. ते छापले गेले १९७९ साली, ‘पुरोगामी सत्यशोधक’ या नियतकालिकात. लिहिल्यापासून तब्बल १२४ वर्षांनी! १९६९ साली शासनाच्या साहित्य संस्कृती मंडळाने फुल्यांचे समग्र वाङ्मय प्रसिद्ध केले, तेव्हा त्या ‘समग्र’ ग्रंथात हे नाटक नव्हते. पुढील आवृत्त्यांत ते आले, काही अभ्यासकांनी त्याचे महत्त्व मोकळेपणाने मांडले, तुरळक प्रयोगही झाले. परंतु रंगभूमीच्या सोहळ्यात आजही ते पाहुण्यासारखे येते आणि पाहुण्यासारखे जाते.

येथे काळाने कोणती चाळणी लावली? जे नाटक प्रेक्षकांपुढे येऊच दिले नाही, ते प्रेक्षकांनी नाकारले असे म्हणणे म्हणजे ज्याला रिंगणात उतरू दिले नाही त्या मल्लाला पराभूत घोषित करणे होय.

परक्याची बंदी आणि घरची बंदी

एक तुलना येथे अपरिहार्य आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले आणि १९१० साली इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली. त्या बंदीची कथा प्रत्येक सुशिक्षित मराठी माणसाला पाठ आहे, आणि ती पाठ असणे योग्यच आहे. परकीय सत्तेने दाबलेले नाटक राष्ट्राच्या स्मरणात मानाने बसले. पण दक्षिणा कमिटीने दाबलेले नाटक? ते कुणाच्या स्मरणात बसणार? परक्याने केलेल्या अन्यायाचे स्मारक होते. घरच्याने केलेल्या अन्यायाची फक्त कुजबुज होते, आणि कुजबुजही थांबली की त्यालाच विस्मृती म्हणतात.

खाडिलकरांचेच दुसरे उदाहरण घ्यावे. त्यांनी ‘बायकांचे बंड’ लिहिले. काही वर्षांतच गिरिजाबाई केळकरांनी त्याला ‘पुरुषांचे बंड’ या नावाच्या नाटकाने उत्तर दिले. शीर्षकातच सवालाला जवाब होता. एका स्त्रीने नामवंत नाटककाराला त्याच्याच आखाड्यात गाठावे, ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती. याच गिरिजाबाई १९२८ साली नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षा झाल्या. तरीही खाडिलकर पाठ्यपुस्तकांत राहिले, आणि गिरिजाबाईंचे नाटक त्याच्या ‘गमतीदार’ नावापुरते उरले. सवाल जतन करायचा आणि जवाब फेकून द्यायचा, अशी ही स्मरणशक्ती आहे. तिला निवडक म्हणणे हेसुद्धा सौम्यच ठरेल.

कळस सोन्याचा, पाया कोणाचा?

व्यावसायिक रंगभूमीने सर्व काळ सामाजिक प्रश्नांकडे पाठच फिरवली, असा आरोप करणे अन्यायाचे होईल. भार्गवराम विठ्ठल ऊर्फ मामा वरेरकरांची ‘सत्तेचे गुलाम’ (१९२२) आणि ‘तुरुंगाच्या दारात’ (१९२३) ही नाटके ललितकलादर्शसारख्या नामांकित मंडळीने रंगवली. दुसऱ्या नाटकाचा विषय अस्पृश्यतेचा होता. १९३२ साली त्याच मामांचे ‘सोन्याचा कळस’ आले, आणि गिरणीमालक व गिरणीकामगार यांचा झगडा झगमगत्या रंगमंचावर उभा राहिला. ज्या मुंबईत त्या आधी चारच वर्षे, १९२८ साली, गिरणीकामगारांनी महिनोन् महिने चाललेला सार्वत्रिक संप लढवला होता, त्या मुंबईत हे शीर्षक पुरेसे बोलके होते. कळस सोन्याचा असेल, पण तो ज्या पायावर उभा आहे तो पाया साच्यावर राबणाऱ्या हातांचा आहे.

हे नाटक आज कोण करते? नाट्यसंगीताच्या मैफली भरतात, जुन्या संगीत नाटकांचे पुनरुज्जीवन होते, त्यांना अनुदाने मिळतात, आणि ते व्हावे यात वावगे काहीच नाही. पण पुनरुज्जीवनाच्या प्रत्येक यादीत राजवाडे आणि आश्रमच का असतात? गिरणी का नसते? उत्तर सोपे आहे. गिरणीच उरली नाही. १९८२ च्या संपानंतर गिरणगावाची जी वाताहत झाली, तीत केवळ रोजगार गेला नाही, तर एक प्रेक्षक गेला. चाळीच्या चौकात, गणेशोत्सवाच्या मांडवात, कामगारांच्या स्पर्धेत उभे राहणारे नाटक त्या प्रेक्षकाच्या घामाच्या पैशावर जगत होते. गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे चढले. परळचे शतायुषी दामोदर नाट्यगृह २०२३ साली पुनर्विकासासाठी बंद करण्यात आले, तेव्हा हळहळ पुष्कळ झाली. पण रंगमंच जातो तेव्हा त्याच्याबरोबर कोणती नाटके जातात, हा प्रश्न त्या हळहळीत फारसा ऐकू आला नाही. नाटकाला विस्मृतीत ढकलायला दरवेळी बंदीहुकूम लागत नाही. त्याच्या प्रेक्षकाला शहराबाहेर ढकलले की पुरते.

तमाशा कुणाचा, लोकनाट्य कुणाचे?

अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक १९४४ साली उभे राहिले. ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘बेकायदेशीर’, ‘माझी मुंबई’ ही अण्णा भाऊंच्या खेळांची नावे नुसती मोठ्याने वाचली तरी स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरील महाराष्ट्राचा पोटातला इतिहास डोळ्यांपुढे उभा राहतो. अण्णा भाऊंनी तमाशाचा साचा घेतला, पण तो जसाच्या तसा घेतला नाही. गणातील देवाच्या जागी मातृभूमीला, श्रमणाऱ्यांना आणि हुतात्म्यांना वंदन आले. गौळण गेली. वगात राजाऐवजी सावकार आला, प्रधानाऐवजी पुढारी आला. हा केवळ प्रचार नव्हता. आशय बदलला की रूप कसे बदलते, याचा तो धडा होता, आणि तो देणारा माणूस शाळेची पायरी जेमतेम चढलेला होता.

मुंबई राज्याच्या सरकारला हे सोसवले नाही. देश स्वतंत्र झाला होता, पण नाटकावर पाळत ठेवणारा १८७६ चा इंग्रजी कायदा जागच्या जागी होता. कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी आली, तमाशावरही निर्बंध आले. तेव्हा तमाशा ‘लोकनाट्य’ होऊन पुन्हा उभा राहिला. पुढे हा शब्द प्रतिष्ठित झाला, नाट्यगृहात तिकीट लावून लोकनाट्ये होऊ लागली, आणि त्यांतील काहींनी सत्तेची रेवडी उडवण्याचे कामही चोख केले, हे मान्य केले पाहिजे. मात्र त्या शब्दाच्या जन्माची किंमत ज्यांनी चुकवली, त्यांचे खेळ प्रतिष्ठेच्या दारापर्यंत पोहोचले नाहीत. अण्णा भाऊंचे पुतळे झाले, टपाल तिकीट निघाले, जयंतीला मिरवणुका निघतात. त्या मिरवणुकीच्या मार्गावर एका चौकात थांबून ‘अकलेची गोष्ट’ करावी, असे किती जणांना सुचते? ज्याचे नाटक करायचे नाही त्याचा पुतळा उभारावा, ही प्रस्थापितांची जुनी युक्ती आहे. पुतळा बोलत नाही, हा त्याचा मोठाच गुण!

आरशात पाहण्याची वेळ

येथवर वाचून समाजवादी कार्यकर्ता समाधानाने मान डोलावील. प्रस्थापितांनी केले, भांडवलदारांनी केले, सरकारने केले! पण हे समाधान त्याला मिळता कामा नये.

राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने या महाराष्ट्रात काय केले, याचा हिशेब चळवळीने तरी ठेवला आहे काय? पु. ल. देशपांड्यांचे ‘पुढारी पाहिजे’ याच कलापथकासाठी लिहिले गेले, आणि त्यातील रोंग्याच्या भूमिकेने निळू फुल्यांना लोकांनी ओळखले. १९५७ च्या निवडणुकीच्या प्रचारासाठी निळू फुल्यांनी ‘येरा गबाळ्याचे काम नोहे’ हा वग लिहिला. इकडे सेवा दलाचे ‘पुढारी पाहिजे’, तिकडे अण्णा भाऊंचे ‘पुढारी मिळाला’. ही दोन शीर्षके शेजारी ठेवली तर फडावरच्या सवाल-जवाबाचा भास व्हावा. समाजवादी आणि कम्युनिस्ट व्यासपीठावर एकमेकांवर तुटून पडत होते, त्याच काळात त्यांची कलापथके एकाच शेतकऱ्याला, एकाच ढोलकीच्या तालावर, जवळजवळ एकच प्रश्न विचारत होती. या एका गोष्टीवर दोन्ही पक्षांनी पन्नास वर्षांपूर्वी शांतपणे विचार केला असता, तर कदाचित पुष्कळ शक्ती वाचली असती.

आज या खेळांच्या संहिता कुठे आहेत? काही छापल्या गेल्या. कितीतरी मात्र कुणाच्या तरी ट्रंकेत, वहीच्या जीर्ण पानांवर, वाळवीची वाट पाहत असतील. चळवळीने ठराव जपले, अध्यक्षीय भाषणे जपली, फुटीच्या वेळची पत्रके तर फारच निष्ठेने जपली! नाटक मात्र निवडणूक संपली की संपले. कला म्हणजे सभेआधी गर्दी जमवण्याचे साधन, अशी समजूत ज्या पक्षाची असते, त्याने प्रस्थापितांच्या विस्मृतीबद्दल गळा काढू नये. पुढे पुढाऱ्यांना गर्दी जमवण्याची दुसरी साधने सापडली, आणि कलापथके ओस पडली.

‘कलामूल्या’चा जुना बागुलबुवा

या साऱ्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. ही नाटके प्रचारकी होती, कलादृष्ट्या कच्ची होती, म्हणून ती गेली. चांगले असते तर टिकले असते!

या आक्षेपात तथ्याचा अंश आहे, तो नाकारू नये. भुललेला प्रत्येक वग पुन्हा उभा करण्याच्या लायकीचा नाही, आणि हेतू उदात्त असला म्हणून संवाद आपोआप जिवंत होत नाहीत. घोषणांची माळ म्हणजे नाटक नव्हे, हे कार्यकर्त्यांनाही ऐकवले पाहिजे. पण मग न्याय एकच असावा. टिकलेली नाटके सर्व पक्की होती काय? कित्येक पौराणिक नाटके गाण्यांच्या बळावर आणि कित्येक कौटुंबिक नाटके नटांच्या बळावर तगली. त्यांच्या संहितेची परीक्षा कुणी घेतली नाही, कारण त्यांना प्रयोग मिळाले. नाटक कागदावर पक्के होत नाही. ते तालमीत सुधारते, प्रेक्षकांसमोर घासले जाते, दहाव्या प्रयोगाला त्याचे खरे रूप कळते. ज्याला दहावा प्रयोग नाकारला, त्याच्या कच्चेपणाचा दोष त्याच्याच माथी मारणे हा उफराटा न्याय आहे.

आणि ज्यांना प्रयोग मिळाले त्यांचे काय झाले, तेही पाहावे. चवदार तळ्याच्या १९२७ च्या सत्याग्रहाला पन्नास वर्षे झाली त्या वर्षी, १९७७ साली, प्रेमानंद गज्वींची ‘घोटभर पाणी’ ही एकांकिका आली. ना मोठे नेपथ्य, ना मोठा नट, ना नाट्यगृहाच्या तारखेची मिनतवारी. शीर्षकही किती साधे! तरुणांनी ती गावोगाव उचलली, तिचे अन्य भाषांतही अनुवाद झाले. ती टिकली, कारण तिला करणारे हात होते. ‘चांगले असते तर टिकले असते’ हे वाक्य म्हणून उलटे करून वाचावे. ज्याला कुणी धरून ठेवले, तेच टिकले.

करायचे ते काय?

कायद्याचा अडसर पूर्वीइतका उरलेला नाही. १८७६ चा तो नाट्यप्रयोग कायदा संसदेने अखेर २०१८ साली रद्द केला, इंग्रज गेल्यावर सात दशकांनी. जोतीरावांच्या लेखनावर कुणाची मालकी नाही. मामा वरेरकरांचे निधन १९६४ साली झाले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, या नियमाने २०२५ च्या आरंभापासून त्यांची नाटके सर्वांची झाली आहेत. अण्णा भाऊ १९६९ साली गेले. त्यांचे लेखन २०३० साली मुक्त होईल. तोवर परवानगी मागून प्रयोग करता येतात. म्हणजे अडचण हक्काची नाही, पैशाची तर नाहीच नाही. अडचण इच्छेची आहे.

शासनाने विस्मृत संहिता शोधून प्रसिद्ध कराव्यात, विद्यापीठांनी त्या अभ्यासक्रमात घ्याव्यात, या मागण्या केल्याच पाहिजेत. परंतु दक्षिणा कमिटीच्या दारात उभे राहून न्याय मिळत नाही, हे जोतीरावांनी १८५५ सालीच अनुभवले, आणि पुढचे पुस्तक स्वखर्चाने छापून मार्गही दाखवला. प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्याने आपल्या भागातील जुन्या कलापथकांच्या वयोवृद्ध कलावंतांना गाठावे, वह्या मिळवाव्यात, चाली ध्वनिमुद्रित कराव्यात. हे काम दहा वर्षांनी करता येणार नाही, कारण ती माणसेच राहणार नाहीत. ११ एप्रिलला फुले जयंतीच्या दिवशी भाषणे एका तासाने कमी करून ‘तृतीय रत्ना’चे जाहीर वाचन करावे. त्याला पडदा लागत नाही, पोशाख लागत नाही. अक्षरओळख असलेली सात-आठ माणसे आणि एक पार पुरेसा आहे. १ मे रोजी ध्वजवंदनानंतर ‘सोन्याचा कळस’मधला एखादा प्रवेश कंत्राटी कामगारांच्या वस्तीत व्हावा. त्यातील भाषा जुनी वाटेल, मालक जुना वाटणार नाही.

तेव्हा कळेल की ही नावे चमत्कारिक मुळीच नव्हती. आजही कर्ज काढून विधी करणारे जोडपे गावात आहे. आजही शेटजींचे इलेक्शन होते, फक्त शेटजी स्वतः उभे राहण्याची तसदी घेत नाहीत. देशभक्तांचे घोटाळे तर मोजण्यापलीकडे गेले. विषय शिळे झाले म्हणून नाटके विसरली गेली असती, तर त्याचा आनंदच व्हायला हवा होता. विषय ताजे आहेत आणि नाटके तेवढी विस्मृत आहेत, यातच त्या विस्मृतीचे सारे राजकारण आले.

तिसरे रत्न हरवलेले नाही. ते झाकून ठेवलेले आहे. झाकण काढण्याचे काम मात्र जयंतीच्या हारांनी होणार नाही. त्यासाठी संहिता हातात घेऊन कुणाला तरी पारावर उभे राहावे लागेल.